तिसऱ्या दिशेचं माप

दहाव्याला कावळा शिवेना.

नदीकाठच्या खडकावर पिंड ठेवून आम्ही मागे सरलो होतो. समोरच्या करंजावर कावळे नव्हते असं नाही. एक तर दोनदा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि शिताला चोच न लावता परत फांदीवर जाऊन बसला. अशा वेळी सगळं आपल्या हातात घेणारे माझे चुलते मोठ्याने म्हणाले, "काय तरी राह्यलंय तिचं. बोला रे, ज्याला काय बोलायचं ते बोला."

आमच्याकडे ही रीत आहे. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून जवळच्यांनी शब्द द्यायचा. शब्द बरोबर पडला की कावळा शिवतो. आधी माझी मुलगी पुढे झाली. "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कावळा बसून राहिला. मग मेहुणा आला. "ताई, परड्यातला आंबा तोडत नाय मी, शब्द आहे." कावळ्याने मान फिरवली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा जन्म शहापूरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात गेला. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मला शब्द सापडत नाहीत. मी कसंबसं म्हणालो, "तुझी पुस्तकं नीट ठेवीन." घरातली पुस्तकं जवळजवळ सगळी माझीच आहेत, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. कावळ्याला ते आधीच माहीत असावं.

तेव्हा मागून एक माणूस पुढे आला. मुरबाडच्या कॉलेजात माझ्या बायकोबरोबर पदार्थविज्ञान शिकवणारा, तिच्याहून लहान, धसईकडच्या भातशेतीवाल्या घरातला. ती त्याला सर म्हणायची, म्हणून मीही इथे सरच म्हणतो. त्याने चपला काढल्या, पाण्याच्या अगदी कडेला जाऊन हात जोडले आणि वर्गात फळ्याकडे बघून बोलावं तसा म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या दिशेचं माप राह्यलंय. ते मी पुरं करतो."

कावळा सरळ खाली आला आणि खाऊ लागला.

"सुटली," चुलते म्हणाले. "मास्तरने सोडवली बघा."

मागे बायकांमध्ये कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई कोनाची न् शब्द कोनाचा गो!" आणि दुसरीने तिला गप्प केलं. मला ते ऐकू आलं. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आला तो मत्सर, आणि तो इतका स्वच्छ होता की मला स्वतःचंच नवल वाटलं. पंचवीस वर्षं जिच्याशी संसार केला तिची अडकलेली इच्छा मला ओळखता आली नाही आणि या माणसाला आली, तीही चारचौघांत, एका वाक्यात.

घरी परत निघताना त्याने मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला डांबरगोळ्यांचा वास होता. कपाटात कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या पांढऱ्या गोळ्या. माझ्या बायकोच्या केसांना, पदराला, डब्याच्या पिशवीला गेली कितीतरी वर्षं हाच वास होता. तो वास आमच्या घरातला आहे असं मी समजत होतो.

तिचा विषय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. श्राव्यातीत लहरी, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतका उंच आवाज, सेंद्रिय स्फटिकांत कशा शोषल्या जातात, यावर ती चाळिशीनंतर संशोधन करायला लागली. डांबरगोळी ज्याची बनते ते नॅप्थलीन म्हणजे असाच एक सेंद्रिय पदार्थ. गोळी पांढरी दिसते कारण तिच्यात असंख्य बारीक स्फटिक वेडेवाकडे चिकटलेले असतात. तेच नॅप्थलीन शुद्ध करून, वितळवून, अतिशय सावकाश गोठवलं तर एकच सलग स्फटिक तयार होतो, आणि तो पाण्यासारखा आरपार दिसतो. त्याच्या एका बाजूने आवाज आत सोडायचा. तो पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. प्रत्येक फेरीला थोडा कमी होतो. तो कमी झालेला आवाज जातो कुठे, हा तिचा प्रश्न.

आमच्या नातेवाइकांत ती "डांबरगोळ्यांची डॉक्टर" होती. लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारायचं, "काय गो, किती गोळ्या वळल्यास यंदा?" ती हसायची आणि वाढायला घ्यायची.

मला मात्र तिने एकदा नीट समजावून सांगितलं होतं, भांडी घासता घासता. म्हणाली, "नॅप्थलीनचा एकेक रेणू म्हणजे एकेक घर समजा. घरं एकमेकांना अगदी सैल बांधलेली असतात. आवाज आला की आधी अख्खी घरं हलतात. पण घराच्या आतही माणसं आहेत, त्यांची आपापली हालचाल आहे. बाहेरचा धक्का आतल्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो. ओटीवर पाहुणे आले, आत चुलीपाशी वर्दी गेली, चहा ठेवला, आणि चहा घेऊन बाहेर यावं तर पाहुणे उठून गेलेले. मग तो चहा वाया. आवाज असा वाया जातो."

"आणि मिठात? लोखंडात?"

"तिथे आत-बाहेर असं काही नाहीच. सगळी ओटीच." मग म्हणाली, "पण अहो, स्फटिकाला दिशा असतात. एका दिशेने एवढा चहा वाया, दुसऱ्या दिशेने तेवढा. तिन्ही मोजायला हव्यात."

ही उपमा फक्त माझ्यासाठी केलेली आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पुढे एकदा सरांनी माझ्यासमोर एका विद्यार्थ्याला अगदी हीच गोष्ट सांगितली, ओटी आणि चहासकट. मूळ कोणाची होती ते मी विचारलं नाही.

आमचं घर शेणव्यात, रस्त्याला लागून. सकाळी आम्ही दोघं एकत्र बाहेर पडायचो आणि रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहायचो. माझी एसटी शहापूरकडे, तिची मुरबाडकडे. बहुधा तिची आधी यायची. ती बसली की खिडकीतून हात करायची आणि मी हातातलं पुस्तक उंच करायचो. कधीकधी एसटीच्या आधी सरांची मोटरसायकल यायची. तो आदल्या दिवशी शहापूरला काही कामासाठी आलेला असला की सकाळी परत जाताना थांबायचा. "मॅडम, बसताय?" ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. दुसरं काय करणार? मग ती पदर खोचून बसायची आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत त्या दोघांचं बोलणं चालू झालेलं असायचं. माझ्या बाजूची एसटी त्या दिवशी नेहमी उशिरा यायची असं मला वाटतं.

त्यांच्यात तसलं काही नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. पण त्यामुळे मत्सर कमी होत नाही. तसलं काही असतं तर भांडता आलं असतं. एखादा माणूस आपल्या बायकोशी स्फटिकाच्या तापमानाबद्दल दोन तास बोलतो, यावर भांडायचं कसं?

स्फटिक ती घरीच वाढवायची. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद व्हायची, आणि स्फटिकाला रात्रंदिवस सावकाश थंड होत राहायला लागतं. मागच्या खोलीत, जिथे माझी आई आंब्याची आढी घालायची, तिथे तिने आपलं यंत्र उभं केलं. वर विजेवर तापत ठेवलेला पाण्याचा डबा. त्यात काचेची टोकदार नळी, नळीत वितळलेलं नॅप्थलीन. नळी एका दोऱ्याला टांगलेली आणि दोरा जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याच्या दांडीला गुंडाळलेला. घड्याळ चालेल तशी नळी खाली उतरायची, इतकी हळू की डोळ्याला कळू नये. टोक आधी थंड व्हायचं, तिथे पहिला कण धरायचा आणि त्याच्या मागे बाकीचं नॅप्थलीन ओळीने येऊन बसायचं. आमच्याकडे वीज जाते ही काही बातमी नाही. म्हणून तिने सगळ्याभोवती लाकडी पेटी करून तिच्यात भाताचा तूस ठासून भरला. वीज गेली तरी तुसात ऊब टिकायची. तयार झालेला स्फटिकही नळीसकट त्याच तुसात महिनाभर ठेवायची. एकदम बाहेरच्या हवेत आणला तर तडकतो म्हणे.

आई तेव्हा होती. आढीला मध्येच हात घातला की आंबे बिघडतात, म्हणून ती कोणाला त्या खोलीत फिरकू द्यायची नाही. सुनेची पेटी बघून तिने एवढंच विचारलं, "ह्याला पन आढी लागते का गो?"

"लागते आई. आणि मध्येच उघडून बघायचं नाय."

"मंग बरोबर," आई म्हणाली. त्या दोघींचं तिथे जमलं.

मला त्या पेटीचा राग यायचा. रविवारी सर यायचे आणि ते दोघं पेटीसमोर जमिनीवर बसायचे. पुष्कळदा बोलायचेसुद्धा नाहीत. मी चहा नेऊन द्यायचो. माणसं गप्प बसून एकमेकांच्या सोबतीत असू शकतात, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. माझ्या घरात ते माझ्याशिवाय घडत होतं.

मधाचं तर वेगळंच. आमच्या बाजारात डोंगराकडच्या वाडीतली एक बाई रानातला मध घेऊन बसते. घरात मधाची बाटली आली की त्यातला मध लहान बाटलीत भरून तिच्या पिशवीतून मुरबाडला जायचा, आणि आठवड्यात मोठी बाटली अर्धी व्हायची. तिला मध आवडत नसे. मलाही विशेष नाही. सरांना सतत सर्दी असायची हे मला माहीत होतं. मी काही विचारलं नाही. आतल्या आत मात्र बाटलीची पातळी रोज पाहायला लागलो. शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा त्या मधवालीनेच विचारलं, "काय गो ताई, घरात खोकला लय हाय का? लय मध न्हेतेस."

"खोकला नाय गो. आवाज चिकटवायला लागतो."

"आवाज? मधाने?" ती बाई इतकी हसली की शेजारची भाजीवालीही काही न कळता हसायला लागली. "अगो, तोंड बंद ठेवायला मध देतात, आवाज चिकटवायला कोन देतो?"

येताना बायकोने सांगितलं. आवाज निर्माण करणारी क्वार्ट्झची चकती स्फटिकाला नुसती टेकवून चालत नाही. मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही. काहीतरी दाट, ओलं लावावं लागतं. तेल किंवा ग्रीस लावलं तर नॅप्थलीन त्यात विरघळतं आणि घासून गुळगुळीत केलेली बाजू खराब होते. मधात ते विरघळत नाही. शिवाय आडवे हेलकावे देणारा आवाज पातळ पदार्थातून पलीकडे जातच नाही, त्याला मधासारखं घट्ट लागतं. "सरांनीच शोधलं हे," ती म्हणाली. "सर्दीसाठी घरून मध आणायचे, त्यातला एक थेंब लावून बघितला."

म्हणजे सर्दी होतीच, आणि मधही होता. माझा हिशेब अगदीच चुकला नव्हता.

मग ती आजारी पडली. रक्ताचा आजार, फार दिवस मिळाले नाहीत. मुंबईच्या रुग्णालयात न्यायला गाडी दारात उभी होती, मुलगी पिशव्या भरत होती, आणि ती मागच्या खोलीच्या दारात भिंतीला धरून उभी होती. तिसऱ्या दिशेसाठी लावलेला स्फटिक नुकताच पुरा होऊन तुसात ठेवला होता. मला म्हणाली, "अहो, पेटीला हात लावू नका. मी आले की काढू."

रुग्णालयात ती मुलीशी बोलली, भावाशी बोलली, माझ्याशीही बोलली असेल. पण गुंगीत बोललेलं सोडलं तर मला म्हणून सांगितलेलं तिचं शेवटचं सरळ वाक्य पेटीबद्दलचं आहे.

दहावा-तेरावा झाल्यावर महिन्याभराने सर घरी आले. ओटीवर बसले. मी चहा केला, आणि ते उठून जायच्या आत बाहेर आणला.

"दादा, ती पेटी..."

"हात लावू नका म्हणाली होती ती."

"हो, पन आता तूस पार निवला असेल. स्फटिक तयार हाय. आमी दोघांनी दोन दिशा मोजल्या, ही एकच राह्यली. मॅडमचा प्रबंध तसाच पडून हाय युनिव्हर्सिटीत. गाईड म्हनतात, तिसरं माप जोडा, तिच्या नावानं पुढं करू."

"नवा स्फटिक कर की."

"करीन. पन तो माझा होईल." त्याने कप खाली ठेवला. "ह्यो मॅडमचा हाय. शुद्ध केलेला त्यांनी, लावलेला त्यांनी."

मी विचारलं, "मोजायचं म्हणजे कापायचा ना?"

"कापायला लागतो. त्या दिशेने बाजू पाडायला लागते."

"मग नाही."

तो उठला. जाताना म्हणाला, "कावळ्याला शब्द दिलाय दादा मी." मी म्हणालो, "मग कावळ्याकडून घे." हे मी म्हणालो तेव्हा मला फार बरं वाटलं. मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडे गेल्यावरही ते बरं वाटणं थोडं टिकलं.

उन्हाळा लागला. मुलगी नाशिकला परत गेली. संध्याकाळी शहापूरहून आलो की मी मागच्या खोलीत बसायचो. एके दिवशी पेटी उघडली. तिने नको म्हटलं होतं, पण ती आली की काढणार होती, आणि ती येणार नव्हती. तुसात कोपरापर्यंत हात घालून नळी शोधताना मला आईच्या आढीतला पहिला आंबा चाचपडल्यासारखं वाटलं. ऊब कधीच गेली होती. नळी गार होती.

स्फटिक बाहेर कसा काढायचा ते मी दारातून अनेकदा पाहिलं होतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती जरा वेळ धरायचं. काचेला टेकलेली पातळ साल वितळते आणि स्फटिक घसरून हातात येतो. मी तसं केलं. फडकं बहुधा जास्त गरम होतं, कारण वरच्या टोकाकडे टिक्‌ असा आवाज होऊन एक बारीक चीर गेली. बाकीचा मात्र अखंड होता. माझ्या अंगठ्याहून थोडा जाड आणि लांब. उजेडात धरला तर त्याच्यातून खिडकीचे गज सरळ दिसत होते. इतकी वर्षं ही दोघं काय बघत बसायची, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला तो आवडला, आणि आवडल्याचाही राग आला.

कपाटात तिच्या निळ्या इरकलीच्या घडीत मी तो ठेवला. रोज सकाळी निघताना कपाट उघडायचो, बघायचो, बंद करायचो. आता तो फक्त माझा होता. सरांचे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

पुढे एका रविवारी मी कपाट उघडलं आणि इरकलीवरचा खळगा मला मोठा वाटला. स्फटिक त्यात सैल पडला होता. उचलून पाहिलं तर त्याच्या कडा, ज्या पहिल्या दिवशी बोटाला लागत होत्या, आता साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. मी पलंगावर बसलो. कपाटात डांबरगोळी ठेवली की ती झिजत जाते आणि एक दिवस नुसता कागद उरतो, हे घराघरांत माहीत आहे. मी तर डांबरगोळ्यांच्या डॉक्टरचा नवरा. इतके आठवडे कपाटाचं दार उघडून मी जो वास छाती भरून घेत होतो, तो वास म्हणजे तोच होता. तिने हाताने वाढवलेलं ते शेवटचं काही मी असं थोडं थोडं उडवून टाकत होतो.

नळीत होता तोवर तो सुरक्षित होता. तुसात, जिथे हात लावू नका म्हणाली होती तिथे.

मी त्याला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घातलं. घरातली मधाची शेवटची बाटली घेतली. मग सरांना फोन केला. म्हटलं, "उद्या येतो. फार उरलेला नाही. पुरेल का बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून तिच्या बाजूला उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या बाजूने मी एकदाही बस पकडली नव्हती. तिथून आमचं घर वेगळंच दिसतं. मागच्या खोलीची खिडकी दिसते, जी माझ्या बाजूने दिसत नाही. किन्हवली, सरळगाव असं करत एसटी मुरबाडला पोचेपर्यंत बरणी मी मांडीवर धरून होतो.

सरांनी स्फटिक हातात घेतला, खिडकीकडे धरला, चीर पाहिली, गोल झालेल्या कडा पाहिल्या. मी वाट बघत होतो की तो काही बोलेल. तो एवढंच म्हणाला, "पुरंल. खालचा भाग चांगला हाय."

कापायला करवत नसते. सुती दोरा एका द्रावकात भिजवतात आणि तो स्फटिकावर पुढे-मागे फिरवतात. उकडलेलं अंडं दोऱ्याने कापावं तसं. दोरा जिथे फिरतो तिथे नॅप्थलीन विरघळत जातं, धक्का बसत नाही. दिशा ठरवून, खुणा करून त्याने दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "एका मानसाचं काम नाय हे. मॅडम तिकडून धरायच्या."

मी तिकडून धरलं. ओढा, सोडा, ओढा. "हळू दादा. ओढायचं नाय, नुसतं जाऊ द्यायचं." हा सूर मला ओळखीचा वाटला. घरी लोणच्याची बरणी उघडताना माझ्या बायकोने माझ्याशी याच सुरात बोलावं. कोणाचा सूर कोणाला लागला होता, देव जाणे.

बाजू घासून झाल्यावर मी मधाची बाटली पुढे केली. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मग एक थेंब लावला, चकती बसवली आणि यंत्र चालू केलं. ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर एक उंच सुळका उभा राहिला, म्हणजे आवाजाची पहिली फेरी. त्याच्या शेजारी दुसरा, बराच ठेंगणा. तिसरा नावापुरता. चौथा शोधावा लागला.

"बघा!" सर ओरडलेच. "बघा दादा, कशी खाते ही दिशा! बाकीच्या दोन्हीत सात-आठ दिसायचे. मॅडम म्हनल्या व्हत्या, तिसरीत लय वाया जाईल. म्हनल्या व्हत्या का नाय?"

तो मला विचारत होता, जणू मी तेव्हा तिथे होतो. पुन्हा पुन्हा माप घेतलं, चकती काढून परत लावून घेतलं, दरवेळी तेच. त्याला डोळे पुसायचे होते पण बोटांना मध होता, म्हणून त्याने मनगटाने पुसले. मी पडद्याकडे बघत राहिलो. ऐकू काहीच येत नव्हतं. जिच्यासाठी तिने माझ्या कितीतरी संध्याकाळी घेतल्या ती गोष्ट माझ्यासमोर चालली होती, आणि ऐकू काही येत नव्हतं.

नंतर चहा झाला. सर आता मोकळे झाले होते. म्हणाले, "मॅडम तुमच्यावरून एक बोलायच्या दादा. राग नाय ना येनार?"

"बोल."

"म्हनायच्या, आमचे हे म्हंजे अस्सल नॅप्थलीन. सकाळी विनोद सांगावा न् संध्याकाळी घरी आल्यावर हसतात. आत पोचायलाच टाइम लागतो."

तो हसला. मी हसलो नाही. हे ती मला का नाही म्हणाली? माझ्याबद्दलचा विनोद, माझ्या घरात सुचलेला, मुरबाडच्या या खोलीत सांगितला गेला, या माणसाने ऐकला, या माणसाला आवडला, आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडे राहिला. कावळ्यापेक्षा हे जास्त लागलं.

उरलेले तुकडे मी बरणीत भरत होतो तेव्हा त्याने विचारलं, "दादा, ह्यातला एक मी ठेवू?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. सरळगाव गेलं. किन्हवली गेली. शेणवं यायला थोडं उरलं असताना मला एकाएकी हसू फुटलं. सकाळी सांगावा न् संध्याकाळी हसतात. शेजारच्या म्हाताऱ्याने जरा सरकून घेतलं. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. घरच्या सगळ्यांना त्याची काळजी वाटत होती.

प्रबंध आता पुढे गेला आहे, तिसऱ्या दिशेच्या मापासह, तिच्या नावाने. निकाल यायचा आहे. तुकडे बरणीत आहेत. झाकण मी उघडत नाही.

माप घेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांना फोन केला होता. म्हटलं, "काय रे, अजून काय काय म्हणायची ती माझ्याबद्दल?"

 तो म्हणाला, "सांगेन ना दादा. पन तुमी पन सांगा मंग. मॅडम घरी माझ्याबद्दल काय बोलायच्या?"

त्याच्या आवाजात जे होतं ते मी ताबडतोब ओळखलं. इतके महिने ते माझ्याकडे मुक्कामाला होतं.

ती पुष्कळ बोलायची त्याच्याबद्दल. वैतागायची, नकला करायची. मधाचे हात सगळीकडे पुसतो म्हणायची. आणि एक गोष्ट अशी म्हणाली होती, की ती ऐकली तर त्याला कित्येक दिवस पुरेल.

"रविवारी ये," मी म्हणालो. "सांगतो काही काही."

ती एक गोष्ट मात्र मी त्याला लगेच सांगणार नव्हतो.